पाय काढल्यावर दोन फर्लांग

अनसिंग, ता. वाशीम
सोमवार, २२ एप्रिल १९७४

माननीय व्याही भिवाजीराव अंभोरे साहेब, मुक्काम धनज, यांस शेषराव पडघान, मुख्याध्यापक, याचा सविनय जयभीम.

आपला उजवा गुडघा आता कसा आहे ते कळवावं. मागच्या भेटीत पायरी चढताना आपण खांबाला धरलं ते मी पाहिलं होतं, पण तेव्हा विचारणं बरं दिसलं नाही. धुरपताबाईंच्या पित्तासाठी इथल्या वैद्यांनी दिलेलं चूर्ण डबीत भरून तयार आहे, ते जीपबरोबरच येईल. आमचे जावई चि. इंद्रभानराव कारंज्याच्या ऑफिसात रोज सायकलने जातात असं कळलं. या उन्हात डोक्याला पंचा बांधल्याशिवाय त्यांनी निघू नये. चि. रुख्मिणीची तब्येत चांगली असेल असं धरून चालतो. तिला सातवा महिना सरत आला आहे आणि येत्या अठ्ठावीस तारखेला आठवा लागतो, याची आपल्याला आठवण करून देण्याचा माझा हेतू नाही. (आठव्यात प्रवास करू नये यावर दोन्ही घरांचं एकमत आहे. एवढ्या एकाच गोष्टीवर आहे, म्हणून लिहिलं.) आमच्याकडे सर्व खुशाल. म्हणजे चि. रुख्मिणीची आई सोळा तारखेपासून माझ्याशी बोलत नाही आणि आमच्या विहिरीचा दोर हरवला आहे, एवढं सोडलं तर सर्व खुशाल.

आपली जीप मंगळवार, सोळा तारखेला धनजला परत यायची होती. आज बावीस तारीख आहे आणि जीप माझ्या दारात कडुनिंबाखाली उभी आहे. हे का झालं ते क्रमाने सांगणं माझं कर्तव्य आहे. मास्तर माणूस असल्यामुळे मी ते थोडक्यात सांगू शकणार नाही, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्या ओसरीवर गेल्या महिन्यात जे ठरलं ते आपल्याला स्मरत असेलच. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी आपण जीप द्यावी, सोबत शेलूबाजारचा बाबूलाल ड्रायव्हर द्यावा. जयंती झाली की त्याच जीपने आम्ही उभयतांनी धनजला यावं आणि रुख्मिणीला पहिल्या बाळंतपणासाठी अनसिंगला आणावं. ठरलं म्हणजे आपण मान हलवली होती आणि धुरपताबाई आतून म्हणाल्या होत्या, "जीप त धड येऊ द्या पयले. मंग पाहू." त्यांचं म्हणणं गैर नव्हतं. कारंज्याला मोठा दवाखाना आहे, अनसिंगला एक नर्सबाई आहे, आणि मधे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आहे, जो आपण स्वतः ओव्हरसियर असताना बांधून घेतला असल्यामुळे त्याविषयी मी काही लिहीत नाही. पण ते वाक्य चि. रुख्मिणीच्या आईने मनात धरलं. जीप धड गेली तर पोरगी येईल, नाही गेली तर येणार नाही, असा त्याचा अर्थ तिने लावला आणि जयंतीच्या आदल्या दिवशीच तिने खोलीचा एक कोपरा सारवून, बाज घालून ठेवली. त्या बाजेवर सध्या बाबूलाल झोपतो.

जयंतीची मिरवणूक फार शिस्तीत झाली. आपल्या जीपचा टप काढून मागच्या बाजूला शाळेचं टेबल ठेवलं होतं, त्यावर निळं कापड अंथरून बाबासाहेबांची तसबीर ठेवली होती. ही तसबीर साडेतीन फूट उंचीची आणि काचेची आहे. मागच्या वर्षी बैलगाडीवर ती दोन वेळा पुढे झुकली होती आणि दोन्ही वेळा जमलेल्या लोकांच्या काळजात धस्स झालं होतं. म्हणून या वर्षी टेबल बांधण्याचं काम मी कोणावर सोपवलं नाही. चार तास मिरवणूक चालली, पाटलाच्या आळीतल्या खड्ड्यांतून जीप गेली, पण टेबल तसूभर हललं नाही. लोकांनी नंतर येऊन मला तसं सांगितलं. हे आपल्या जीपच्या स्थिर चालीचं श्रेय आहे, असं मी त्यांना म्हणालो.

सोळा तारखेला सकाळी आम्ही निघालो. चि. रुख्मिणीच्या आईने तिळाचे लाडू घेतले होते, मी नवं धोतर नेसलो होतो. गावाबाहेर सपाट रस्ता लागला. आता बाबूलालची एक सवय आपल्याला ठाऊक आहे. पेट्रोल महाग झाल्यापासून तो गाडीला थोडा वेग आला की पाय उचलतो, गिअर मोकळा करतो आणि हात मांडीवर ठेवून गाडी जाईल तितकी जाऊ देतो. (या वेळी तो बहुधा गुणगुणतो.) त्या दिवशी त्याने पाय उचलला, गुणगुणायला तोंड उघडलं आणि गाडी मंद झाली. एखाद्या माणसाला वाटेत काही आठवावं तशी ती हळूहळू थांबली. त्याने पुन्हा वेग दिला, पुन्हा पाय उचलला, पुन्हा तेच. तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं आणि गंभीरपणे मला म्हणाला, "मास्तर, गाडीले मांगून कोनी धरून राह्यलं."

मीही वळून पाहिलं. मागे चि. रुख्मिणीची आई लाडवांचा डबा धरून बसली होती. तिने दोघांकडेही पाहिलं आणि ती म्हणाली, "मी त काई धरलं नाही." तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

कारण त्यानंतर मी खिशातून आपलं सूचनापत्र काढलं. जीप देताना आपण स्वहस्ते अकरा कलमं लिहून दिली होती, त्यातलं कलम नऊ असं आहे: "ताशी तीस मैलांवरून पाय काढून गिअर मोकळा केला असता सदर जीप सपाट रस्त्यावर दोन फर्लांग जाते. कमी गेल्यास गाडी पुढे आणू नये व मला कळवावे." आमच्या रस्त्याला फर्लांगाचे जुने दगड अजून आहेत. मी बाबूलालला परीक्षा घ्यायला सांगितली. दगडापाशी पाय काढला, आणि जीप पुढच्या दगडाच्या निम्म्यातच थांबली. मी उतरून पावलं मोजली: एकशे अठरा. दोन फर्लांग म्हणजे माझी साडेपाचशे पावलं होतात. कलम नऊ स्पष्ट होतं. मी गाडी वळवायला सांगितली. चि. रुख्मिणीच्या आईच्या दृष्टीने मी कलम नऊसाठी लेक सोडून दिली. माझ्या दृष्टीने मी आपला शब्द पाळला. या दोन दृष्टींच्या मधोमध आम्ही सहा दिवस जेवतो आहोत.

त्यानंतर निदान सुरू झालं. या कामात मी कसूर केलेली नाही. पहिला संशय इंजिनावर आला, कारण गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनच गाडीला आवरतं, हे बाबूलालने मला समजावून दिलं. इथे पिठाच्या गिरणीचे मालक फुलचंद यांना इंजिनातलं कळतं. (त्यांचं इंजिन बावीस वर्षं चालू आहे आणि ते स्वतः त्याच्याशी बोलतात.) त्यांनी एक लांब काठी इंजिनावर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, दहा मिनिटं डोळे मिटले आणि सांगितलं की इंजिनाची तब्येत त्यांच्यापेक्षा बरी आहे. मग मी विचार केला की गिअर मोकळा केल्यावर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध उरत नाही, आणि गाडी तर तेव्हाही थांबते. म्हणजे दोष इंजिनाच्या मागे आहे. हा विचार मी फुलचंदांना फळ्यावर आकृती काढून सांगितला. ते म्हणाले, "हे तुमी काठी लावाच्या आंधी सांगाले पायजे होतं."

दुसरा संशय टायरमधल्या हवेवर. सायकलच्या पंपाने चारही चाकांत हवा भरली. बाबूलाल भरत होता, मी मोजत होतो. एका चाकाला तीनशेच्या वर पंप मारावे लागले. दुसऱ्या दिवशी जीप एकशे सव्वीस पावलं गेली. आठ पावलं वाढली खरी, पण बाबूलालचा उजवा हात दोन दिवस वर होत नव्हता.

तिसरा संशय ब्रेकवर, आणि मला वाटतं इथे आम्ही बरेच जवळ पोचलो. जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हाताने फिरवलं. पुढची दोन्ही चाकं रहाटासारखी फिरली. मागची दोन्ही जड. उजवं जितकं जड, तितकंच डावं. बाबूलालला फार आनंद झाला. त्याने मागचे दोन्ही ड्रम उघडले, आतलं सगळं पोत्यावर मांडलं, रॉकेलने धुतलं, आणि मग त्याचा आनंद मावळला. कारण आत काहीच अडलेलं नव्हतं, सगळं सैल होतं. पुन्हा जोडलं. मागची चाकं पुन्हा तितकीच जड. ब्रेक धरत नाहीत आणि तरी चाकं कोणी धरतं, इथे येऊन निदान थांबलं आहे.

या सगळ्यात एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आपल्यासारख्या जाणत्या माणसाने विचारात घ्यावी. गाडी सकाळी फार वाईट असते आणि दुपारी बरी असते. आपल्या कलम चारप्रमाणे मी रोज सकाळी साडेपाचला जीप वरून आणि खालून धुतो, साडेसहाला परीक्षा घेतो आणि सातला शाळेत जातो, कारण सध्या सकाळची शाळा आहे. सकाळी शंभर-सव्वाशे पावलं. दुपारी शाळा सुटल्यावर घेतली तर दोनशे, एकदा दोनशे चाळीससुद्धा. शनिवारी दुपारी ती वाशीमला एका मिस्त्रीकडे नेली. त्याने चालवून पाहिली, दोन वेळा पाय काढला, परत आणून उभी केली आणि म्हणाला, "गाडीले काई झालं नाही, मास्तर. तुमी जरा झोपत जा." रविवारी सकाळी धुतली, आणि एकशे दोन.

(धुण्याच्या पाण्यावरूनही घरात ताण आहे. विहिरीचा दोर नसल्यामुळे शेजारच्या रंगूबाईंकडून दोर मागून आणावा लागतो. आमच्या दोराच्या टोकाला ओळखीसाठी निळी चिंधी बांधलेली होती, असा दोर कोणी नेला हे कळत नाही. काल चि. रुख्मिणीची आई मला नव्हे, घागरीला म्हणाली, "हे काय बाळंतीन हाये, रोज न्हाऊ घालाले?" मी कलम चार दाखवणार होतो, पण घागर माझ्यापेक्षा जवळ होती.)

आता मुद्द्याचं लिहितो आणि तेही संकोचाने. व्याही म्हणून आपल्यात कधी उणा शब्द झाला नाही आणि होऊ नये. पण मला असं वाटू लागलं आहे की हा दोष अनसिंगला निर्माण झालेला नसावा. जीप सरकारी लिलावातली आहे. तिने किती ओव्हरसियर पाहिले ते तिलाच ठाऊक. ती दोन फर्लांग जाते हे आपण लिहून दिलं आहे आणि आपलं मोजमाप चुकेल असं मी म्हणणार नाही. पण ते कोणत्या साली मोजलं हे सूचनापत्रात नमूद नाही. बाबूलालही खाजगीत म्हणाला की गिअरच्या पेटीत आतून काही झिजलं असणार आणि ते झिजायला वर्षं लागतात. मी आरोप करत नाही. फक्त एवढीच विनंती की पेटी उघडण्याची परवानगी द्यावी. त्याला दहा दिवस लागतील. दहा दिवसांत अठ्ठावीस तारीख मागे पडेल, हे मला दिसतं. त्याला माझा इलाज नाही. रुख्मिणीविषयी मी या पत्रात काही लिहीत नाही.

सौ. धुरपताबाईंना नमस्कार, चि. इंद्रभानराव व चि. रुख्मिणी यांना आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र
शेषराव पडघान

ता. क. (बुधवार, २४ एप्रिल, दुपारी)
पत्र पाकिटात घातलं होतं, पण चिकटवलं नव्हतं, कारण मंगळवारची पावलं लिहायची होती. (एकशे नऊ.) बरं झालं. पेटी उघडण्याच्या परवानगीची आता गरज नाही.

आमची एक कोंबडी चार दिवसांपासून अंडं कुठे घालते ते कळत नव्हतं. आज चि. रुख्मिणीची आई तिच्या मागावर जीपखाली वाकली. अंडं नव्हतं. पण ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग उठून सरळ माझ्यासमोर आली आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमचा रोग भेटला. माहा दोर हाये थो."

बाबूलाल आणि मी खाली निजून पाहिलं. निळी चिंधी लोंबत होती. आपल्याला सांगायला नको, पण पत्र पुरतं व्हावं म्हणून लिहितो: आपल्या जीपचा हातब्रेक चाकांवर नाही. गिअरच्या पेटीच्या मागे एक लहान ड्रम आहे, त्यातून निघालेला दांडा मागच्या दोन्ही चाकांना फिरवतो, आणि हातब्रेक त्या ड्रमला धरतो. म्हणून दोन्ही चाकं सारखी जड. त्या ड्रमला लागून एक लोखंडी दांडी आहे. दोराचा एक फेर त्या दांडीला होता आणि दुसरा चासीच्या पट्टीला, आणि दोन्हींच्या मधे कडब्याची गाडी आवळताना घालतात तसा लाकडी खुंटा घालून चांगला पीळ दिलेला होता. हातब्रेक चौदा तारखेपासून अर्धा लागलेला होता. दोर अंबाडीचा आहे. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की सैलावतो. मी रोज सकाळी कलम चारप्रमाणे तो भिजवत होतो.

फुलचंदांनी हे ऐकलं. ते गिरणीत गेले आणि आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज आला.

आणखी ता. क. (त्याच दिवशी, संध्याकाळी)
दोर तिथे कोणी बांधला, हा प्रश्न आपल्या मनात येईल. माझ्याही आला, पण फार वेळ टिकला नाही. ती गाठ या गावात एकच माणूस मारतो. मी शाळेच्या स्काउट पथकाला ती अकरा वर्षं शिकवली आहे आणि पथकातल्या एकालाही ती अजून आलेली नाही. टेबल बांधताना मी जीपच्या तळाच्या भोकातून दोर खाली सोडला, खाली जाऊन हाताला लागेल ती सगळ्यांत भक्कम दांडी पाहिली, तिला गाठ मारली आणि पीळ दिला. मिरवणूक संपल्यावर टेबल काढायला वरून दोर कापला, खालचा विसरलो. दोर आमच्या विहिरीचाच घेतला होता हेही आता आठवलं. टेबल तसूभर का हललं नाही ते आपल्या लक्षात येईल, आणि ते श्रेय आपल्या जीपचं नव्हतं.

वरील पत्रात सरकारी लिलाव, मोजमापाचं साल आणि गिअरच्या पेटीतली झीज याविषयी जे लिहिलं आहे ते मागे घेतो. पानं फाडून नवं पत्र लिहिता आलं असतं. पण मुलांनी चूक खोडरबराने पुसलेली मला चालत नाही, आडवी रेघ मारायची असते. म्हणून ही रेघ समजावी. ज्या ओळी पुसाव्याशा वाटतील त्या आपण पुसाव्यात.

आणखी एक (गुरुवार, २५ एप्रिल)
आज सकाळी, जीप न धुता, परीक्षा घेतली. बाबूलालने दगडापाशी पाय काढला आणि गुणगुणायला लागला. पहिला फर्लांग गेला. त्याचं कडवं संपलं. दुसरा फर्लांगही गेला. गाडी थांबली तिथून दुसऱ्या फर्लांगाच्या दगडापर्यंत मी मागे चालत आलो: एक्केचाळीस पावलं. म्हणजे आपल्या कलमापेक्षा एक्केचाळीस जास्त. आपली जीप आपण दिली त्याहून बरी झाली असं मी म्हणणार होतो, पण फुलचंदांनी कारण सांगितलं. इतके दिवस घासून हातब्रेकचं आतलं अस्तर जळून गेलं आहे, ते आता ड्रमला टेकतच नाही. म्हणजे गाडी चालते उत्तम, पायाचा ब्रेक उत्तम, फक्त उभी केली तर उभी राहत नाही. नवं अस्तर मी कारंज्यात बसवून देईन.

आता ज्याविषयी लिहिणार नाही म्हणालो होतो, ते लिहितो. आमचं पहिलं मूल रुख्मिणी नव्हे, हे आपल्याला माहीत नसावं. त्याआधी एक मुलगा झाला होता. तेव्हा रुख्मिणीच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूने, मुलीला न्यायला निरोपावर निरोप धाडले होते. माझी आई नको म्हणाली आणि मी चोवीस वर्षांचा होतो, मी निरोप परत पाठवला की आमच्या बैलगाडीचा आस मोडला आहे, दुरुस्त झाला की आणून घालतो. आस मोडलेला नव्हता. बाळंतपण आमच्याच घरी झालं, मुलगा चार दिवस जगला. माहेरी असती तर जगला असता असं कोणी सांगू शकत नाही, आणि रुख्मिणीची आई, भागिरथा, तसं कधी म्हणालीही नाही. पण सोळा तारखेला मी कलम नऊ काढून गाडी वळवली तेव्हा ती का गप्प झाली, हे मला काल दोर हातात आल्यावर कळलं. तिने माझ्या तोंडून गाडीचं कारण दुसऱ्यांदा ऐकलं होतं.

म्हणून विनंती आहे. वाशीमचा दवाखाना अनसिंगहून पाऊण तासावर आहे, नर्सबाई आमच्या घरासमोर राहते, आणि वेळ आली तर दारात गाडी हजर असेल याची व्यवस्था मी केली आहे. पोरीला पाठवावं. गाडी आता धड आहे.

शेवटचं (शुक्रवार, २६ एप्रिल, सकाळी साडेदहा)
हे पत्र टपालात टाकलेलं नाही. टाकलं असतं तर ते आपल्याला अठ्ठावीस तारखेनंतर मिळालं असतं. ते बाबूलाल आपल्या हाती देत आहे. आम्ही उभयता आपल्या फाटकाबाहेर चिंचेखाली जीपमध्ये बसून आहोत. आधी आपण सगळं वाचावं आणि मगच आम्हाला पाहावं, असं मला योग्य वाटलं.

आपल्या फाटकापुढचा रस्ता उताराचा आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं. हातब्रेकचं वर लिहिलंच आहे. चाकाखाली दगड लावला आहे, पण तो लहान आहे. म्हणून बाबूलाल आत आहे तोवर पायाच्या ब्रेकवर पाय ठेवून मी बसलो आहे. मला गाडी चालवता येत नाही. पाय काढल्यास जीप खालच्या नाल्यापर्यंत जाईल, ते अंतर अंदाजे दोन फर्लांग आहे. तरी बाबूलालला कृपया लवकर परत पाठवावं. भागिरथेला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून कागद तिच्याकडे देतो.

धुरपताबाई, जीप धड आली. आता पाहा.
बाबूलालले एकटा नका धाडू.